सर्व्हर पुसण्याआधी पत्ता आणि घड्याळ पाहा

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचा हिशोब आता सर्व्हरवर असतो. नव्या सर्व्हरवर 'डिरेक्टरी सर्व्हिस'ची चूक वारंवार येऊ लागली, की पासवर्ड चालत नाहीत, बिले अडतात. मग सर्व पुसून सर्व्हर पुन्हा बसवला जातो. पैसे जातात, चूक मात्र परत येते.

डिरेक्टरी म्हणजे वापरकर्ते, त्यांचे पासवर्ड आणि संगणक यांची नोंदवही. विंडोज 2000 पासून तिचे नाव 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'. ही वही डीएनएसमार्फत सापडते. सर्व्हरवर व संगणकांवर तेथे इंटरनेट कंपनीचा पत्ता घातला, तर ती सापडणार कशी? तेथे आपल्याच सर्व्हरचा पत्ता हवा. कंपनीचा पत्ता सर्व्हरच्या 'फॉरवर्डर'मध्ये टाकावा. दुसरे घड्याळ. पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, की सर्व्हर ओळख नाकारू लागतो. चुकीचा पत्ता पुन्हा भरला, तर दहादा बसवूनही उपयोग नाही.

म्हणून 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील चुकीचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय आणि हिशोबाची प्रत काढल्याशिवाय कोणालाही सर्व्हर पुसू देऊ नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे. ती नोंद सर्व्हरवर असली, तरी अमानतच आहे.