पायाखालची पारख

नवा मालट्रक दारात उभा राहतो, तेव्हा घरात सणाचे वातावरण असते. नारळ फुटतो, हार चढतो. हप्ता, विमा, परमिट यांचा हिशेब मालकाने आधीच बारकाईने मांडलेला असतो. केबिनमधील मॅट मात्र सर्वांत शेवटी, रस्त्यालगतच्या दुकानातून, रंग पाहून घेतली जाते. धान्याचा दाणा तळहातावर घेऊन पाहणारा व्यापारी येथे आपली पारख विसरतो.

केबिनचा तळ म्हणजे पोलादी पत्रा. पावसाळ्यात चालक मार्केट यार्डातील चिखल पायांबरोबर घेऊनच वर चढतो. ते पाणी मॅटखाली शिरले, की तेथेच कोंडून राहते. वरून सारे कोरडे दिसते आणि खाली पत्र्याला गंज चढत असतो. म्हणूनच कापडी गालिचा किंवा फोमचे अस्तर असलेली मॅट मालवाहू गाडीस योग्य नव्हे. ती पाणी शोषते आणि धरून ठेवते. उंच काठाची, ताटासारखी खोलगट मॅट पाणी व माती स्वतःतच अडवते. ती उचलून धुता येते आणि खालचा पत्रा पुसून घेता येतो.

आता मालाचा विचार. नैसर्गिक रबराची पकड चांगली असते. परंतु डिझेल आणि ऑइल सतत लागत राहिल्यास ते फुगते व मऊ पडते. तेलाशी नित्य संबंध येत असेल, तर नायट्राइल रबर अधिक तग धरते. पीव्हीसी स्वस्त असते. मात्र उन्हात तापलेल्या बंद केबिनमध्ये त्याला वास येऊ शकतो आणि कालांतराने ते कडक होऊन तडकते. टीपीई वजनाने हलके व धुण्यास सोपे असते, पण त्याचे दाम अधिक पडते.

दाम मात्र वर्षाच्या हिशेबाने पाहावे. समजा, एक मॅट ८०० रुपयांची असून वर्षभर टिकते आणि दुसरी २,४०० रुपयांची असून पाच वर्षे टिकते. पहिलीचा खर्च वर्षाला ८०० रुपये, तर दुसरीचा ४८० रुपये. स्वस्त वाटलेली वस्तू वहीत महाग ठरते.

तथापि दामाहून मोठा प्रश्न पेडलांचा आहे. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोनजीक एका लेक्सस मोटारीच्या अपघातात एकाच कुटुंबातील चार जण दगावले. त्या मोटारीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती, ती खुंटीत अडकवलेली नव्हती आणि तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला, असे तपासात दिसून आले. त्यानंतर टोयोटा कंपनीने मॅटच्या याच धोक्यापायी अमेरिकेतील सुमारे ३८ लाख वाहनांबाबत रिकॉल जाहीर केला. मोटार असो वा मालट्रक, चालकाच्या पायाखाली सरकणारी मॅट सारखीच घातक.

म्हणून चालकाच्या बाजूची मॅट त्याच मॉडेलच्या मापाची असावी. गाडीत खुंट्या असतील, तर ती त्यांत पक्की अडकवावी. जुनी मॅट न काढता तिच्यावर नवी टाकण्याची सवय तर कटाक्षाने टाळावी. वरची मॅट सरकते आणि पेडलखालची जागाही कमी होते. धुतलेली मॅट परत बसवताना ती पुरती वाळली आहे आणि उलटी पडलेली नाही, हे पाहावे.

खरेदीला जाताना मालकाने चालकाला बरोबर न्यावे. दिवसाचे दहा-बारा तास त्याच मॅटवर त्याचे पाय असतात; ती कोठे सरकते, कोठे घसरते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? दुकानासमोरच, इंजिन बंद ठेवून, त्याला क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाहू द्यावे. तिन्ही पेडल मॅटला न अडखळता खाली जाऊन मोकळेपणाने वर आले, तरच पैसे मोजावेत.