अर्धा कोयता आणि सरकारी दवाखाना

दसरा उलटला आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागली, की बीड जिल्ह्यातील व लगतच्या दुष्काळी पट्ट्यातील लाखो माणसे बिऱ्हाड पाठीवर टाकून सांगली-कोल्हापूरकडे, कित्येक तर थेट कर्नाटकात, ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत त्यांची गणना माणसे म्हणून होत नाही, ती कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. उचल दिली जाते ती या जोडीवर. सही वा अंगठा असतो नवऱ्याचा आणि रक्कम पडते तीही त्याच्याच हाती. पहाटेच्या अंधारापासून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर वाहून गाडी भरणे, या साऱ्यात बाई पुरती राबते. हिशेबात मात्र ती अर्धा कोयता, आणि तो अर्धाही तिच्या नावाचा नाही. या बाईला होणारी मारहाण ज्यांना निव्वळ 'घरगुती भांडण' वाटते, त्यांनी ही वही एकदा उघडून पाहावी.

गावी असताना नवऱ्याने हात उचलला, तर निदान शेजारचे घर असते, आठवड्याच्या बाजारात माहेरचे कोणी भेटण्याची आशा असते. फडावरच्या कोपीत यांतील काहीही नाही. सभोवती टोळी असते, ती बहुधा नवऱ्याच्या भावकीची किंवा गावची. निघून जावे म्हटले, तर जोडी फुटते. जोडी फुटली की उचल फिटत नाही. आणि उचल फिटली नाही तर मुकादम दारात उभा राहतो. म्हणजे त्या बाईने मार खात का होईना, पण नवऱ्यापाशीच नांदावे, यात नवऱ्याइतकाच मुकादमाचा आणि मुकादमाइतकाच कारखान्याचा हितसंबंध गुंतलेला आहे. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविले. परंतु त्या कर्जापोटी बाईला मारकुट्या नवऱ्यापाशी जखडून ठेवले जाते, याची दखल घेण्याची गरज सहकारमहर्षींच्या या राज्यात कोणाला भासलेली नाही.

अशा बाईला परमुलखात पोलिस ठाणे ठाऊक नसते आणि न्यायालय तर त्याहून दूर. एकच सरकारी दार असे आहे, की जेथे तिला कधी ना कधी जावेच लागते. ते दार दवाखान्याचे. ती तेथे बाळंतपणाला जाते, लेकराच्या तापासाठी जाते, हात मोडला म्हणून जाते आणि सहनशक्ती संपून विषारी औषध प्यायल्यावर तिला गाडीत घालूनही तेथेच नेतात. एका दिवसाचा खाडा पडला तर दंड कापला जातो, हे माहीत असूनही ती जाते. तेथे काय घडते? नवरा किंवा सासू शेजारीच उभी असते. 'कशाने लागले?' असा प्रश्न चारचौघांत विचारला जातो, 'बांधावरून पडले' असे उत्तर येते आणि तेच केसपेपरवर उतरते. गालावर बोटांचे वळ घेऊन बांधावरून कोणी पडत नाही, हे विचारणाऱ्यालाही कळत असते. विष प्यालेलीच्या कागदावर 'चुकून घेतले' एवढे लिहिले, की सर्वांची सुटका होते. टाके घातले जातात, गोळ्या दिल्या जातात आणि ती बाई ज्याने मारले त्याच्याच मागोमाग कोपीकडे चालू लागते.

ही एखाद्-दुसरीची कहाणी नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा नवऱ्याच्या शारीरिक वा लैंगिक हिंसेला सामोरा गेलेला आहे. त्याच पाहणीनुसार देशातील हिंसाग्रस्त स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, पण कोणाजवळ शब्दही काढला नाही. आपल्या मुलखात राहणाऱ्यांची ही गत असेल, तर सहा महिने परक्या शिवारात काढणारीने बोलावे कोणाशी?

याविषयी विचारणा केली की सुशिक्षितांकडून एक ठरीव उत्तर मिळते : 'त्यांच्यात असेच असते.' या तीन शब्दांत जातीचा तुच्छतावाद आहे आणि अंग काढून घेण्याची सोयही आहे. तांड्यावरची बाई, पालावरची बाई, पाड्यावरची बाई जणू मार खाण्यासाठीच जन्मली आहे आणि तिचे दुखणे हा तिच्या समाजाचा रिवाज आहे! दुसरीकडे काही सज्जन असेही म्हणतात, की त्यांच्या परंपरांचा आदर राखला पाहिजे, त्यांची जातपंचायत त्यांचे मिटवील. पंचायतीत बसतात कोण? पुरुषच. ज्या पंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध या राज्याला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यांच्याच हाती मारहाण झालेली बाई सोपवायची, याला आदर म्हणत नाहीत. पहिला तिला खालच्या संस्कृतीची ठरवितो, दुसरा तिला संस्कृतीच्या स्वाधीन करतो. दोघांच्याही लेखी तिचे स्वतःचे म्हणणे अस्तित्वातच नाही.

संस्कृतीची जाण दवाखान्यात हवीच, परंतु ती तिच्या बाजूने हवी. बंजारा बाई घरात गोरमाटी बोलते. नंदुरबारकडून गुजरातेतील फडांवर जाणारी आदिवासी बाई भिली वा पावरी बोलते. तिची जिव्हारीची गोष्ट तिच्याच बोलीत ऐकणारी एखादी बाई तेथे हवी आणि दुभाषा म्हणून नवऱ्याला उभे करणे थांबले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांत एकांताचा आग्रह धरला आहे, तो याचसाठी. कैकाडी, बंजारा यांच्यासारख्या विमुक्त जमातींच्या मागे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली आजही आहे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पोलिसांची नजर मात्र रद्द झाली नाही. अशा बाईपुढे पहिलाच शब्द 'पोलिस केस' असा टाकला, की ती उपचार सोडून उठते. हे जाणणे म्हणजे संस्कृतीची जाण. तिला काय हवे, कशाची भीती आहे, आज रात्री ती कोठे निजणार, हे आधी विचारावे आणि मग तक्रारीचा मार्ग तिच्यापुढे ठेवावा.

'हे डॉक्टरांचे काम नव्हे' ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. मदत मागणाऱ्या स्त्रीला उपचार देणे त्याने वैद्यकीय केंद्रांवर बंधनकारक केले. आधी घटनेचा अहवाल झालेला नाही म्हणून तिला परत पाठविता येत नाही, उलट तो अहवाल तयार करून संरक्षण अधिकाऱ्याकडे धाडणे हे केंद्राचेच कर्तव्य ठरते. शिवाय ती जेथे तात्पुरती राहते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला दाद मागता येते. 'तुमच्या जिल्ह्यात जा' असे तिला सांगणारा प्रत्येक अंमलदार कायद्याचे अज्ञान तरी प्रकट करीत असतो किंवा बेपर्वाई तरी.

हे काम अशक्यही नाही. मुंबई महापालिकेने 'सेहत' या संस्थेच्या साह्याने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभे केले. परिचारिका व डॉक्टरांना खुणा ओळखण्याचे शिक्षण दिले, समुपदेशक नेमल्या, बाह्यरुग्ण विभागातून बाईला हात धरून एका वेगळ्या खोलीत नेण्याची व्यवस्था लावली. पुढे शहरातील इतर रुग्णालयांतही ही केंद्रे निघाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या बायका ज्या शहरात येतात, तेथे गर्दीने ओसंडणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयात जे साधले, ते ऊसपट्ट्यातील ग्रामीण रुग्णालयात का साधू नये? तेथे तर गर्दीचा हंगामही आगाऊ ठाऊक असतो.

वैद्यकीय व्यवसायाला या बाईसाठी वेळ नसतो, हेही खरे नाही. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तपासणीतील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पोट फाडायला ज्या व्यवस्थेला सवड मिळते, तिला 'घरी कोणी मारते का, बाई?' एवढे विचारायला मिळत नाही!

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. गळीत हंगामात कारखाना क्षेत्रातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आणि तिची बोली जाणणारी सहायिका असावी. ती टोळ्यांतील शिकलेल्या बायकांतूनच नेमता येईल. एकांताची एक खोली आणि अडल्या रात्रीपुरती एक खाट असावी. कोपीपर्यंत जाणाऱ्या आशा सेविकेला या कामाचे शिक्षण आणि स्वतंत्र मोबदला मिळावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे. त्यातील हिस्सा यासाठी राखून ठेवावा. आणि सर्वांत मूळची मागणी ही, की उचल व मजुरी बाईच्या स्वतःच्या नावावर वेगळी मांडली जावी आणि तिने नवऱ्याचे घर सोडल्यास त्याच्या उचलीचा एक पैसाही तिच्याकडून वसूल होऊ नये.

या शेवटच्या मागणीवर कारखानदार आणि मुकादम दोघेही खवळतील. खवळू देत. दवाखान्यातील समुपदेशक बाईला धीर देईल, कायदा सांगेल, रात्रीचा आसरा देईल. पण सकाळी तिला जायला स्वतःच्या मजुरीचा पैसा नसेल, तर ती त्याच कोपीत परतेल. डाव्या पक्षांनी आणि ऊसतोड संघटनांनी दरवाढीच्या संपात हे कलम पहिल्या पाचांत घातले पाहिजे. आजवर ते शेवटच्या पानावरही आलेले नाही, कारण वाटाघाटीला बसणारेही बहुतेक पुरुषच होते.