‘पहिले’ म्हणण्याचा आधार

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतून आणि महाविद्यालयीन चर्चासत्रांतून सादर होणाऱ्या शोधनिबंधांत ‘पहिले’ हे विशेषण फार सढळपणे वापरले जाते. पहिले नाटक, पहिली कादंबरी, पहिला स्त्रीवादी निबंध अशी विधाने येतात. त्यांना तळटीप असते, तळटिपेत एखाद्या मान्यवर वाङ्मयेतिहासाचे नाव आणि पृष्ठक्रमांकही असतो. मार्गदर्शकाचे तेवढ्याने समाधान होते. तो इतिहास केव्हा लिहिला गेला आणि त्याच्या लेखकासमोर त्या वेळी कोणती सामग्री होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. संदर्भसाधनाची योग्यता त्याच्या कर्त्याच्या लौकिकावरून ठरवण्याची ही सवय मराठी संशोधनाला महागात पडत आली आहे.

नाटकाचेच उदाहरण घ्यावे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हे प्रयोगाचे वर्ष. वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले, हे मुद्रणाचे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले, हे लेखनाचे. तिन्ही सनांचा अर्थ वेगळा आहे आणि तिन्ही कृतींच्या मागे ‘पहिले’ हा शब्द कोणी ना कोणी लावलेला आढळतो. शिवाय तंजावरच्या शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) काळातील मराठी नाटके या सर्वांच्या कितीतरी अगोदरची आहेत. तेव्हा ‘पहिले’ म्हणजे पहिले लिहिलेले, पहिले छापलेले की पहिले रंगमंचावर आलेले, हे ठरवल्यावाचून साधनांचा शोध सुरूच होऊ शकत नाही. विद्यार्थी बहुधा हे न ठरवता ग्रंथालयात शिरतो आणि हाती लागेल त्या इतिहासातील वाक्य उतरवून घेतो.

‘तृतीय रत्न’ची कथा येथे अधिक बोधक आहे. कमिटीकडे गेलेले हे नाटक फुल्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते वाचकांसमोर आले १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ १९६९ चे. त्या पहिल्या आवृत्तीत ते असणे शक्यच नव्हते. पुढील आवृत्त्यांत ते आले. म्हणजे ‘समग्र वाङ्मय’ एवढेच लिहून आवृत्तीचे वर्ष न देणारी तळटीप निरुपयोगी ठरते, कारण एकाच नावाच्या एका आवृत्तीत नाटक आहे आणि दुसरीत नाही. १९७९ पूर्वीच्या नाट्येतिहासांनी फुल्यांच्या नाटकाची चर्चा केली नाही, याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचे मौन हे अनुपलब्धतेचे मौन होते. त्यानंतर लिहिलेल्या ग्रंथाने तेच मौन राखले असेल तर ते निवडीचे आहे आणि त्याचा जाब विचारता येतो. ही दोन मौने वेगळी ओळखता येणे, हीच साधनचिकित्सेची खरी परीक्षा होय. जुन्या इतिहासाच्या आधाराने आज कोणी फुल्यांना नाट्यवाङ्मयाच्या बाहेर ठेवत असेल, तर चूक त्या इतिहासकाराची नसून उद्धृत करणाऱ्याची आहे.

पुनर्मुद्रणांच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा घोटाळा होतो. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चे. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले आणि तेव्हापासून ते अभ्यासात आले. कंसात आडनाव व वर्ष देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून अनेक निबंधांत ‘(शिंदे १९७५)’ असे दिसते आणि ताराबाई आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या लेखिका ठरतात! पद्धत वाईट नाही, पण मूळ प्रकाशनवर्षही सोबत द्यावे लागते, हे शिकवायचे राहून जाते. तुकारामांच्या अभंगांची तऱ्हा तीच. ‘इंदुप्रकाश’ प्रतीतील (१८६९–७३) आणि इतर प्रतींतील क्रमांक जुळत नाहीत, पाठही अनेक ठिकाणी वेगळे आहेत. तरीही गाथेचे नाव न देता नुसता अभंगक्रमांक लिहिणारे प्रबंध मान्य होतात.

लहान गावांतील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जुन्या नियतकालिकांच्या फायली नसतात आणि पुण्या-मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयांत आठवडाभर राहून काम करण्याचा खर्च सर्वांना झेपत नाही, ही अडचण खरी आहे. आता ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकाचे जुने अंक आणि एकोणिसाव्या शतकातील बरीच पुस्तके संगणकीय प्रतींच्या रूपाने घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे ती काहीशी सैल झाली आहे. परंतु अशा प्रतींत पुष्कळदा मुखपृष्ठ गहाळ असते, कधी दोन आवृत्त्यांची पाने एकत्र झालेली असतात. सन कळत नसेल तेथे शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीशी ताडून पाहण्यावाचून उपाय नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि पदोन्नतीच्या गुणांकात त्याला स्थान नाही. कदाचित म्हणूनच ते होत नाही.

मार्गदर्शकांची जबाबदारी येथे टाळता येण्यासारखी नाही. तळटिपेतील स्वल्पविराम तपासण्यात जो वेळ जातो, त्यातील थोडा जरी ‘हे वाक्य तुम्ही मूळ पुस्तकात वाचले की दुसऱ्याच्या पुस्तकात?’ असे विचारण्यात गेला, तरी निम्म्या तळटिपा बदलतील. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेला उतारा तसाच सांगून देण्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो न पाहिलेले पुस्तक पाहिले असे भासवण्यात. निबंधात जेथे ‘पहिले’ हा शब्द येतो, तेथे मूळ कृतीच्या मुखपृष्ठाची व सन दिलेल्या पानाची छायाप्रत मागण्याचा पायंडा मराठी विभागांना विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट न पाहता याच सत्रापासून पाडता येईल.