पटावरचे गणित

सातात पाच मिळवावयाचे असता पुन्हा एकापासून बोटे मोजणारी मुले तिसरी-चौथीच्या वर्गातही असतात. जेऊरच्या शाळेत असोत वा सोलापूरच्या, ती हळूहळू गणिताला भिऊ लागतात आणि मागल्या बाकावर सरकतात. शंभरदा पाढे लिहविल्याने ही भीती जात नाही. अशांसाठी वर्गाच्या फरशीवर खडूने चल्लस-आठचा पट आखावा.

पाच गुणिले पाच, एकूण २५ घरे : बाहेरील फेरीत १६, आतील फेरीत ८, मध्ये एक. वाटेच्या क्रमाने घरांवर अंक घालावेत व सर्वांनी एकाच घरातून निघावे. सोंगटी सातावर असून चाराचे दान पडले, तर मुलाने ‘एक, दोन’ न म्हणता ‘आठ, नऊ, दहा, अकरा’ असे मोठ्याने म्हणावे. सारे मर्म येथेच आहे. अमेरिकेत सीग्लर व रमाणी या संशोधकांनी २००८ साली बालवाडीतील मुलांना अंकांचा सरळ पट अवघे चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे खेळविला आणि त्यांची संख्यांची जाण वाढली. गोल पटाने मात्र तितका लाभ होत नाही. म्हणून अगदी लहानांस दहा घरांची सरळ पट्टीच द्यावी.

घरातील वडीलधारी मंडळी विचारतील, सप्तव्यसनांत पहिले द्यूत, मग शाळेत हे कशाला? शंका रास्त आहे. येथे पण लावावयाचा नाही, एवढे पथ्य पाळावे. कवडी हे जीवाचे कवच, म्हणून ती नको असल्यास चार अर्धे चिंचोके चालतात.

मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न द्यावा : चारांपैकी नेमके दोन उताणे किती प्रकारे पडतील? चार गुणिले तीन, भागिले दोन, म्हणजे सहा. निवडीची ही रीत महावीराचार्यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रहा’त सांगितली. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली आपल्या सोलापुरातच, जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, हे किती घरांत ठाऊक असेल?

एकूण प्रकार १६. तेव्हा ६४ वेळा टाकल्यास दोनाचे दान सुमारे २४ वेळा यावे. मुलांनी फळ्यावर नोंद ठेवावी. चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसल्याने आकडा बहुधा चुकेल. तो का चुकला, हे त्यांनाच शोधू द्यावे.