काजूचे तेल आणि कायद्याची गणती

वेंगुर्ले-सावंतवाडी परिसरात काजूबिया फोडणाऱ्या स्त्रियांचे हात टरफलातील दाहक तेलाने काळवंडतात, सोलतात. हातमोजे घातले की वेग मंदावतो. मजुरी किलोवर असेल तर ते नकोसे होतात. तरीही दोष त्यांच्याच निष्काळजीपणाला! १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या उद्योगाला किमान दहा कामगारांची अट घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सर्वसाधारण मर्यादा दहाचीच आहे. मग पडवीत नऊजणी बसल्या तर मालकाचे उत्तरदायित्व संपते काय? तेल हजेरीपट पाहून भाजत नाही. धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना ही अट न लावण्याचा अधिकार संहितेने केंद्र सरकारला दिला आहे. काजूफोडणीचा त्यात समावेश व्हावा, ही मागणी जिल्ह्याच्या खासदारांनी लोकसभेत मांडावी.