मृगाआधी आपल्या गावची बारव उपसा

मराठवाड्यातल्या माझ्या माणसांनो, आज ऊन उतरलं की घराबाहेर पडा. वेशीजवळ, देवळामागं, जुन्या गावठाणात जिथं कुठं तुमच्या गावची बारव असेल, तिच्या काठावर जाऊन उभे राहा आणि खाली बघा. गुटख्याच्या पुड्या दिसतील. पाण्याच्या बाटल्या, सडलेलं निर्माल्य, मोडकी खुर्ची आणि या सगळ्यातून वर आलेली वेडी बाभूळ दिसेल. वरच्या चार-पाच पायऱ्या दिसतील. खाली आणखी किती आहेत, हे सांगणारी माणसं गावात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील.

पण पायऱ्या गेलेल्या नाहीत. त्या गाळाखाली आहेत. झरेही बहुतेक ठिकाणी तिथंच आहेत, कोंडून पडलेले. मृग लागायला आता थोडे आठवडे राहिलेत. तेवढ्यात तुम्ही हात घातलात तर ही बारव वाचेल. म्हणून हे लिहितोय. वाचून ठेवून देऊ नका.

एका पावसाळ्यात काय होतं ते सांगतो. पहिल्या मोठ्या सरीबरोबर रस्त्यावरची माती, गटाराचं पाणी आणि उकिरडा सगळं बारवेत उतरतं. गाळाचा आणखी एक थर बसतो. चिऱ्यांच्या सांध्यात पिंपळाचं रोप असतं, ते त्या ओलीवर फोफावतं. त्याचं मूळ बोटाएवढं असतं तोवर भिंत तग धरते. ते मनगटाएवढं झालं की चिरा सरकतो. मग एका रात्री कोपरा ढासळतो आणि सकाळी कुणीतरी म्हणतं, लेकरं पडतील, धोका आहे, बुजवून टाका. दोन ट्रॉली मुरूम टाकला की सातशे-आठशे वर्षांचं बांधकाम अर्ध्या दिवसात संपतं. वर्षभरात त्यावर पत्र्याचं दुकान उभं राहतं. असं झालेलं मी पाहिलंय. तुम्हीही पाहिलं असेल.

तुमच्या गावात ते होऊ देऊ नका. जो बुजवा म्हणतो, त्याच्यावर चिडू नका. त्याला लेकरांची काळजी आहे. त्याला सांगा, आधी काठाला कठडा करू, गाळ काढू, मग बघू. ग्रामसभेत उठून सांगा. बायांनी तर नक्की सांगा, कारण डोक्यावर हंडा कुणाच्या येतो हे गावाला ठाऊक आहे.

आपल्याकडं पाणी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जलदूत नावाच्या त्या गाडीनं पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी आणलं आणि लोक ते बघायला स्टेशनाबाहेर जमले. त्याआधीच शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. घागर घेऊन पाचजणांनी एकत्र उभं राहायचं नाही, असे ते दिवस होते. ज्या बापानं तेव्हा मध्यरात्री टँकरमागं धाव घेतली, तो आज कुठंही असो, नळ वाहता दिसला की आधी बंद करतो. लातूरच्या माणसाला हे समजावावं लागत नाही.

आणि हाच मुलूख पाण्याच्या बाबतीत एके काळी किती शहाणा होता! बीडजवळची खजाना विहीर बघा. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून शेताकडं निघून जातं. मोट नको, रहाट नको, इंजिन नको. जमिनीचा उतार ज्यानं ओळखला, त्यानं पाण्याला वाट करून दिली आणि ते आपल्या पायानं शेतात गेलं. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहर आणली. डोंगरातलं झिरपणारं पाणी धरलं, जमिनीखालून खापरी नळांनी शहरात खेळवलं, मध्ये मध्ये उंच बंब उभारून त्याचा जोर सांभाळला. अशाच नहरीच्या पाण्यावर पुढं पाणचक्की फिरली आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघालं. पण पुढं जायकवाडीचा नाथसागर उशाला असूनही त्याच शहरातल्या घरांनी वर्षानुवर्षं नळाला पाणी येण्याचे दिवस मोजले. नहरीवर घरं उठली, नळ फुटले, काही बंब तर लोकांना नुसते जुने बुरूज वाटतात.

नळदुर्गला जा एकदा. भर पावसात जा. बोरी नदीवर किल्ल्यातच धरण आहे, १६१३ सालचं, आदिलशाहीतलं. त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असतं आणि तुम्ही आत कोरडे उभे असता, समोर पाण्याचा पडदा. चारशे वर्षं ती भिंत बोरीचा पूर अंगावर घेतेय. तिथं उभं राहिल्यावर कळतं, आपल्या मागच्या माणसांना पाण्याचं वेड होतं आणि भानही होतं.

पण मला वाटतं, आपण आपल्या जुन्या जागा चुकीच्या नजरेनं बघतो. अजिंठा, वेरूळ, देवगिरी, मकबरा एवढी चार नावं पाहुण्यांना सांगितली की आपलं काम झालं, असं समजतो. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा झाले, त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत. पण त्याच वेरूळ गावात, घृष्णेश्वरापासून जवळच, तांबड्या दगडाचं शिवालय तीर्थ आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि पायऱ्यांमध्ये छोटी छोटी देवळं. कैलास लेणं बघून आलेले लोक गाडी फिरवतात आणि त्याच्या अंगावरून निघून जातात. परभणी जिल्ह्यातलं चारठाणा, देगलूरजवळचं होट्टल, तेरणेकाठचं तेर, अंबाजोगाईचा हत्तीखाना, औंढ्याच्या देवळाची भिंत. या गावांकडं बघणारं कोण आहे? तुम्ही आहात. दुसरं कुणी नाही.

तेरचं उदाहरण घ्या. हेच ते जुनं तगर, जिथला माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार रोमपर्यंत जात होता. पाऊस झाला की पांढरीच्या टेकाडांतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. लोक त्या पांढरीची माती माळवदावर टाकायला नेत. कुणी लक्ष देत नव्हतं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी लक्ष दिलं. वेचलं, जपलं, सांभाळलं. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभं आहे, आणि तेरच्या हस्तिदंती बाहुलीची आठवण पाँपेईच्या बाहुलीबरोबर काढली जाते. एका गावच्या एका माणसानं एवढं केलं. तुमच्या गावात तर हजार-दोन हजार माणसं आहेत.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या लोकांनीही हे केलंय. त्यांच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. ती गाळानं भरली होती. गावानं ती उपसली. गेल्या काही वर्षांत महाशिवरात्रीला गावोगावच्या बारवांत पणत्या लागतात, त्याही अशाच हातांनी साफ केलेल्या पायऱ्यांवर. म्हणजे हे होतं. होऊ शकतं.

आता तुमचं काम. उद्याच्या उद्या गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाला काठावर घेऊन या. खुर्ची टाका, पाणी द्या आणि विचारा. झरा कोणत्या अंगाला होता? दुष्काळात पाणी कुठवर उतरायचं? देवळीत मूर्ती होती का? माझ्या आजीनं मला सांगितलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात गावातले सगळे आड कोरडे पडले तरी बारवेच्या उगवतीच्या कोपऱ्यात रात्रभरात दोन घागरी पाणी साचायचं. ती गेली. तो कोपरा मी विचारून ठेवला म्हणून मला ठाऊक आहे. तुमच्या घरातली आजी अजून आहे. तिला आजच विचारा, उद्यावर टाकू नका.

मग ग्रामपंचायतीत जा. बारव संरक्षित स्मारक आहे का, ते विचारून घ्या. असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय दगडाला हात लावू नका. नसेल तर ठराव करून घ्या. एक रविवार ठरवा, पहाटे पाचला जमा, नऊला थांबा. वैशाखातलं ऊन कुणाची भीड धरत नाही. टिकाव जपून मारा, चिरा फुटेल. पिंपळ ओढून उपटू नका, त्याच्याबरोबर दगड येतो. बुडाशी कापा आणि जाणकार माणूस येईपर्यंत थांबा. सिमेंट तर अजिबात थापू नका. ही बांधकामं श्वास घेतात, सिमेंटनं ओल आत कोंडते आणि भिंत आतून फुगते. मूर्ती सापडली तर शेंदूर लावू नका, घरी नेऊ नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, तहसीलला कळवा.

आणि जीव सांभाळा. हे मी हात जोडून सांगतो. खोल विहिरीत, बंद आडात एकट्यानं उतरायचं नाही. जुन्या गाळात विषारी वायू असतो, त्याला वास असेलच असं नाही. डिझेलचं इंजिन आत उतरवून चालवायचं नाही, त्याच्या धुरानं धडधाकट माणसं काही मिनिटांत जातात आणि त्यांना काढायला उतरलेलेही जातात. खोल जागेसाठी अग्निशमन दलाला बोलवा. लेकरांना काठावर पाटी फिरवायला ठेवा, आत नाही. साप-विंचू असतो, काठी आपटत उतरा. बारव वाचवताना गावातलं एकही घर उघडं पडता कामा नये.

ऊसतोडीहून आता कोयते परत आलेत. सहा महिने दुसऱ्याच्या फडात राबून आलेल्या त्या जोडप्यांना फुकट श्रमदानाला बोलवू नका. ते लाजेखातर येतील, पण ते बरोबर नाही. त्यांना मजुरी द्या. रोजगार हमीतून काम बसतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा. नाही बसलं तर वर्गणी काढा. निघालेला गाळ वाया जात नाही. त्यातलं प्लास्टिक वेचून तो शेतात टाका, पीक सांगेल.

पुण्या-मुंबईत असलेल्या तुम्हा सगळ्यांना वेगळं सांगायचंय. चाकण, भोसरी, हडपसर, कल्याण, पनवेल, जिथं असाल तिथं. मे महिन्यात तुम्ही गावी येता. लग्नाला येता, जत्रेला येता, आंबे खाऊन जाता. यंदा एक दिवस जास्त राहा. तुमच्या लेकरांनी स्विमिंग पूल पाहिलेत, बारव पाहिलेली नाही. त्यांना पहिल्या पायरीवर बसवा आणि सांगा, तुझा पणजोबा इथं पोहायला शिकला. येणं जमत नसेल तर पैसे पाठवा. दोर, घमेली, पंपाचं भाडं, मजुरी, याला पैसा लागतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छांचे फोटो रोज येतात. आज बारवेचा फोटो टाका, जसा आहे तसा. खाली फक्त एवढं लिहा, कोण येणार?

एक गोष्ट मात्र टाळून पुढं जाता येणार नाही. या बारवांच्या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. कितीतरी घरांतल्या बाया काठापासून दूर, उन्हात, घागर घेऊन थांबायच्या. कुणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं, नाहीतर रिकाम्या हातानं परतायचं. ज्यांनी हे सोसलं त्यांची मुलं-नातवंडं आपल्याच गावात आहेत. त्यांना शेवटी बोलावू नका. पहिल्या बैठकीला बोलवा. ठरावावर त्यांची सही घ्या. दोर धरताना कोण कुणाच्या मागं, हे कुणी विचारू नये. तुमचं गाव तसं विचारणार नाही, अशी माझी खात्री आहे.

रोहिणीचा पाऊस कधी कधी आधीच येतो. वाट बघत बसलात तर गाळ पुन्हा भिजेल, पाटी जड होईल, पाय घसरतील आणि काम दिवाळीवर जाईल. दिवाळीनंतर पाणी असेल, मग उन्हाळ्यावर जाईल. अशीच पन्नास वर्षं गेलीत. हा रविवार धरा. पाच माणसं आली तरी सुरू करा. दुसऱ्या रविवारी वीस येतील.

आणि झरा फुटला, खाली तळाशी काळ्या दगडावर पाणी चमकलं, की लगेच प्यायला घाई करू नका. ते दोन-तीन दिवस उपसून टाका, मग तपासायला पाठवा. तोवर गुरांना चालेल का, तेही विचारून घ्या. तपासणी चांगली आली की एक घागर भरा. ती देवाला नंतर न्या. आधी ज्या घरातली म्हातारी लहानपणी या काठापासून दूर थांबायची, त्या घरी न्या आणि तिच्या हातात द्या.