सरकी, संशोधन आणि आपला विज्ञानाचा तास

‘वनस्पतीपासून पुरुषांसाठी गर्भनिरोधक’, ‘रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर कळणार’ अशा बातम्या अधूनमधून आपल्या मोबाईलवर येतात. आपण वाचतो आणि पुढे पाठवतो. माझं म्हणणं असं, की या बातम्या कशा वाचायच्या हे दहावीच्या वर्गात शिकवता येतं. त्यासाठी लागणारं साहित्य आपल्या वर्धा जिल्ह्यात जिनिंगच्या आवारात ढिगानं पडलेलं असतं. ते म्हणजे सरकी.

सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळसर द्रव्य असतं. कपाशीचं झाड ते किडीपासून बचावासाठी तयार करतं. गाई-म्हशींना आपण ढेप खाऊ घालतो, कारण रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं. कोंबड्यांना किंवा लहान वासरांना मात्र ते बाधतं. खायच्या तेलातून ते शुद्धीकरणात काढून टाकलं जातं. चीनमधल्या काही खेड्यांत कच्चंच सरकीचं तेल खाण्यात होतं आणि तिथे मूल न होणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण वाढलं. १९५० च्या दशकात संशोधकांचं त्याकडे लक्ष गेलं. पुढे १९७० च्या दशकात तिथे आठ हजारांहून अधिक पुरुषांवर गॉसिपॉलच्या गोळ्यांची चाचणी झाली. शुक्राणू कमी झाले, म्हणजे गोळी लागू पडली. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, हातापायातली ताकद गेली. काहींची जननक्षमता गोळी थांबवल्यावरही परत आली नाही. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेनेही गर्भनिरोधक म्हणून हा मार्ग सोडून देण्याचा सल्ला दिला.

‘झाडपाल्याचंच तर आहे, बाधत नाही’ असं घरोघरी म्हटलं जातं. त्यावर याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण मग पुरुषांचा प्रश्न तिथेच राहिला का? बराचसा राहिला. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींशी संततिनियमनावर बोलायला वर्ध्याला आल्या होत्या. त्या साधनांच्या बाजूच्या, गांधीजी संयमाच्या. नव्वद वर्षं झाली, तरी भार कोणावर आहे ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, की देशात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली आहे; नवऱ्याची नसबंदी झालेल्या अवघ्या ०.३ टक्के. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी, कमी धोक्याची. पण ‘माणूस कमजोर होतो’ हा समज काही जात नाही. पुरुषांसाठीच्या गोळीची वाट बघत बसायचं कारण पुढे करून आज हाताशी असलेलं टाळायचं, हे मला पटत नाही. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ शिकवताना मुलांना मागच्या बाकावर खुदखुदू द्यायचं आणि मुलींना वेगळं बसवून सांगायचं, यातूनच तो समज पुढच्या पिढीत जातो.

याच गॉसिपॉलची दुसरी गोष्टही आहे. प्रयोगशाळेत ते कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं असं दिसलं. म्हणून स्तनाच्या कॅन्सरच्या थोड्या रुग्णांवर ते वापरूनही पाहिलं गेलं, पण त्याचं प्रस्थापित औषध काही झालं नाही. काचेच्या बशीतल्या पेशी मरणं वेगळं आणि बाई बरी होणं वेगळं.

‘मार्कर’ या शब्दाचंही तसंच. गाठीचा तुकडा काढून त्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आणि हर-२ हे प्रथिन तपासतात. त्यावरून औषध ठरतं, आणि ते फार मोलाचं आहे. रक्तातला सीए १५-३ मात्र मुख्यतः आजार माहीत असलेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी. सुरुवातीच्या गाठीत तो बरेचदा नॉर्मल येतो आणि कधी कॅन्सर नसतानाही वाढतो. तेव्हा ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये तो नॉर्मल आला म्हणून हाताला लागणारी गाठ दुर्लक्षून चालणार नाही. गाठ दुखत नाही म्हणून तर मुळीच नाही. अशी गाठ बहुधा दुखत नसतेच. आपल्याकडे सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे. लांब जायची गरज नाही. घरातली बाई ‘कापूस वेचणी होऊ दे, मग बघू’ म्हणते, तेव्हा तिला घेऊन जाणारं कोणीतरी घरात हवं. दहावीतला मुलगाही हे करू शकतो.

वर्गात करायचं ते असं. जिनिंगमधून मूठभर सरकी आणा. पेरणीच्या पाकिटातली नको, तिला विषारी औषध चोळलेलं असतं. दाणा मधोमध कापून भिंगातून बघायला द्या. आतल्या गरात काळपट ठिपके दिसतील, त्यांतच गॉसिपॉल असतं. मुलं-मुली एकत्र बसलेली असू द्या. चीनची गोष्ट सांगा आणि मग विचारा: ही गोळी बाजारात का आली नाही? हात धुवायला लावा, आणि उत्तरांसाठी पुढचा तास मोकळा ठेवा.